रेंज आणि परतावा

महामार्गालगतच्या गावांत दुकानांच्या शटरांवर आणि घरांच्या आडव्या भिंतींवर मोबाइल कंपन्यांची नावे रंगवण्याची पद्धत होती, आणि दोन-तीन पावसाळे गेले की वरचा रंग उडून खालून आधीच्या कंपनीचे नाव डोकावू लागे. बीपीएल, हच, टाटा इंडिकॉम, रिलायन्स, डोकोमो, एअरसेल, युनिनॉर, आयडिया. यांतली काही नावे विकली गेली, काही दुसऱ्यांत विलीन झाली, काही दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात जाऊन पडली. त्या प्रत्येक नावामागे कुणाचे तरी भांडवल होते. ते लावणाऱ्यांचा मूळ अंदाज असा होता की एक दिवस या देशात शेतमजुरापासून कारखानदारापर्यंत प्रत्येकाच्या हातात मोबाइल असेल. तो अंदाज शंभर टक्के खरा ठरला. २००२ च्या मार्चमध्ये देशात साठ-पासष्ट लाख मोबाइल ग्राहक होते आणि आज जोडण्यांची संख्या ११५ कोटींच्या वर आहे. भाकीत इतके अचूक निघावे आणि तरीही ते करणाऱ्यांपैकी बहुतेकांचे पैसे बुडावेत, याचे गणित मला गेली अनेक वर्षे खुणावत आले आहे. मी गुंतवणूक सल्लागार नाही. वार्षिक अहवालांच्या शेवटच्या, बारीक अक्षरांतल्या टिपा वाचण्याची खोड जडलेला एक किरकोळ भागधारक आहे, आणि पुढचे सगळे त्या खोडीतून आलेले आहे.

माझे मामा टेलिफोन खात्यात होते. घरी फोन घ्यायचा तर नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहायची, किंवा ‘ओन युवर टेलिफोन’ योजनेत आगाऊ अनामत भरून रांगेत थोडे पुढे सरकायचे, असा तो काळ होता. त्यामुळे ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी तेव्हाच्या कलकत्त्यातल्या रायटर्स बिल्डिंगमधून दिल्लीच्या संचार भवनात दूरसंचारमंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला, तेव्हा मामांना त्याचे फारसे कौतुक वाटले नाही. मिनिटाला सोळा रुपयांपर्यंतचा दर आणि आलेल्या फोनलाही पैसे मोजायचे, हा श्रीमंतांचा खेळ आहे असे त्यांचे मत होते. पण त्यांनी पुढे जे म्हटले ते माझ्या जास्त लक्षात राहिले. “अरे, कंपनी कुणाचीही असू दे,” ते म्हणाले, “हवा सरकारची आहे. भाडं ते ठरवणार.”

त्या भाड्याचा पहिला फटका लगेचच बसला. नव्वदच्या दशकाच्या मध्यात देशाची मंडळे पाडून परवान्यांचा लिलाव झाला. मुंबई हे वेगळे मंडळ आणि उर्वरित महाराष्ट्र व गोवा मिळून दुसरे. बोली लावणाऱ्यांनी दरवर्षी ठरावीक रकमेचे परवानाशुल्क भरण्याचे कबूल केले आणि ती रक्कम ग्राहक किती मिळतील याच्या स्वप्नाळू अंदाजावर बेतलेली होती. सोळा रुपयांच्या दराने ग्राहक मिळाले नाहीत, शुल्क मात्र ठरल्या तारखेला देय होत राहिले. काही वर्षांत जवळजवळ सगळा उद्योग थकबाकीदार झाला आणि अखेर १९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणाने ठरावीक शुल्काऐवजी महसुलातला हिस्सा घेण्याची पद्धत आणली. तेव्हा सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. ‘महसूल’ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न त्या घाईत कुणी नीट सोडवून घेतला नाही, आणि पुढे वीस वर्षांनी तो व्याजासकट परत आला. त्याकडे मी नंतर येतो.

याच सुमारास जगभर बिनतारी दळणवळणाच्या शेअरांना वेड्यासारखे भाव आले होते. क्वालकॉम ही अमेरिकी कंपनी सीडीएमए या मोबाइल तंत्रज्ञानाची पेटंटे बाळगून होती. १९९९ या एका वर्षात तिचा शेअर सव्वीस पटींहून अधिक वाढला. पुढच्या वर्षी ब्रिटनने थ्रीजी लहरींचा, म्हणजे स्पेक्ट्रमचा, लिलाव करून साडेबावीस अब्ज पौंड आणि जर्मनीने सुमारे पन्नास अब्ज युरो गोळा केले, आणि ज्या कंपन्यांनी ते मोजले त्या कित्येक वर्षे कर्जाखाली वाकून चालल्या. आपल्याकडे हिमाचल फ्युचरिस्टिक या दूरसंचार सामग्रीच्या कंपनीचे नाव पुढे शेअर घोटाळ्यात गाजलेल्या केतन पारेख या दलालाच्या लाडक्या शेअरांमध्ये मोडत होते. त्याचा भाव कुठून कुठे गेला आणि परत कुठे आला हे त्या काळी दलाल स्ट्रीटवर वावरलेल्या कुणालाही विचारावे. मला यातले क्वालकॉमचे उदाहरण सर्वांत बोलके वाटते, कारण ती कंपनी कधीच बुडाली नाही. तिची पेटंटे खरी होती, जगातला जवळजवळ प्रत्येक थ्रीजी फोन तिला स्वामित्वशुल्क देत होता, नफा वाढत होता. तरीही २००० च्या जानेवारीतला सर्वोच्च भाव पुन्हा ओलांडायला तिच्या शेअरला वीस वर्षे लागली. शेअर घेताना आपण कंपनीबरोबर तिचा भावही विकत घेत असतो, आणि तंत्रज्ञानाच्या लाटेत दुसऱ्या गोष्टीचा विसर पडतो.

या वेडाचा ज्वर उतरल्यावर, म्हणजे अगदी अवेळी, २००२ च्या जानेवारीच्या अखेरीस भारती टेलिव्हेंचर्सची प्रारंभिक भागविक्री आली. लुधियानात सायकलच्या सुट्या भागांपासून सुरुवात करून पुढे बीटेलचे बटनांचे फोन विकणारे सुनील मित्तल ही कंपनी चालवत होते. भाव ठरला ४५ रुपये. नोंदणीनंतर शेअर त्याहून खाली घसरला आणि काही महिने तिथेच घुटमळला, त्यामुळे ज्यांना शेअर मिळाले होते ते आपले नशीब खोटे म्हणून हळहळत होते. मग २००३ मध्ये येणाऱ्या कॉलचे पैसे घेणे बंद झाले, त्याच वर्षी रिलायन्स इन्फोकॉमने पाचशे एक रुपयांत हँडसेट देण्याची मान्सून हंगामा योजना आणली, दर कोसळले आणि ग्राहक वाढू लागले. भारतीने तेव्हा एक अक्कलहुशारीची गोष्ट केली: नेटवर्क उभारण्याचे काम एरिक्सन आणि नोकियाकडे व संगणकप्रणालीचे आयबीएमकडे सोपवून स्वतः ग्राहकांवर लक्ष दिले. वॉरबर्ग पिंकस या अमेरिकी गुंतवणूकदार संस्थेने १९९९ पासून भारतीत पैसे घातले होते. तिने २००५ पर्यंत आपला वाटा विकून मूळ रकमेच्या कित्येक पट कमाई केली आणि ती शांतपणे बाहेर पडली.

त्या शेअरचा पुढचा हिशेब मी अनेकदा मांडला आहे, कारण एकाच कंपनीत दोन माणसांचे नशीब किती वेगळे असू शकते ते त्यातून दिसते. २००९ मध्ये दहा रुपये दर्शनी मूल्याच्या एका शेअरचे पाच रुपयांचे दोन झाले, म्हणजे ४५ रुपयांची मूळ खरेदी आजच्या हिशेबाने साडेबावीस रुपयांना पडली. २०२४ च्या अखेरीस एअरटेलचा भाव सोळाशेच्या आसपास होता. सत्तर पट, म्हणजे जवळपास तेवीस वर्षे दरसाल वीस टक्क्यांच्या घरात चक्रवाढ. आता दुसरा माणूस पाहा. त्याने २००७ च्या ऑक्टोबरमध्ये, मोबाइल घराघरांत पोचला आहे आणि एअरटेल अव्वल आहे हे डोळ्यांनी दिसत असताना, तेव्हाच्या हजार-अकराशे रुपयांना शेअर घेतला. विभाजनानंतर त्याचा भाव पडला साधारण साडेपाचशे. त्याला २०२४ च्या अखेरीस सुमारे तिप्पट रक्कम मिळाली, ती सतरा वर्षांनी, म्हणजे दरसाल साडेसहा टक्क्यांच्या आसपास. बँकेच्या मुदत ठेवीत त्याला तेवढे मिळाले असते आणि रात्रीची झोपही शाबूत राहिली असती. याच काळात सेन्सेक्स जवळपास चौपट झाला. दुसऱ्या माणसाने कोणतीच चुकीची कंपनी निवडली नव्हती. त्याने या क्षेत्रातली सर्वांत चांगली कंपनी निवडली होती, आणि मधली दहा-बारा वर्षे तिचा भाव त्याच्या खरेदीच्या वर टिकलाच नाही.

असे का झाले याचे उत्तर त्या मधल्या वर्षांत आहे. १० जानेवारी २००८ रोजी दूरसंचारमंत्री ए. राजा यांच्या खात्याने १२२ परवाने २००१ च्या भावाने वाटले; अखिल भारतीय परवान्याचा भाव होता १६५८ कोटी रुपये. ज्यांचा टेलिफोनशी काही संबंध नव्हता अशा बांधकाम कंपन्याही रांगेत होत्या. एकेका मंडळात डझनभर कंपन्या झाल्या आणि २००९ च्या जूनमध्ये टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा हा दर आणल्यावर बाकी सगळ्यांना मुकाट्याने तोच दर द्यावा लागला. ग्राहकाच्या दृष्टीने तो सुवर्णकाळ होता. कॅगचा अहवाल, पावणेदोन लाख कोटींचा तो गाजलेला अंदाजित तोटा, २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व परवाने रद्द करणे, आणि २१ डिसेंबर २०१७ रोजी विशेष न्यायालयाने सर्व आरोपींना निर्दोष सोडणे, हा सगळा इतिहास वाचकांना ठाऊक आहे. भागधारकाच्या नजरेतून त्यातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळी आहे. ज्या परदेशी कंपन्यांनी या परवानाधारकांत पैसे घातले, त्या एतिसलात, टेलिनॉर आणि डोकोमोसारख्या जगभर अनुभव घेतलेल्या कंपन्या होत्या. त्यांच्याकडे अभियंते, विश्लेषक, वकील सगळे होते. डोकोमोने टाटा टेलिसर्व्हिसेसमध्ये साडेबारा हजार कोटींहून अधिक घातले आणि लवादाची लढाई लढून २०१७ मध्ये त्यातले साधारण निम्मे परत मिळवले. इतरांनी गुंतवणूक शून्यावर लिहून काढली. त्यांची ही गत झाली तिथे आपल्यासारख्याने ‘मला या क्षेत्राची माहिती आहे’ असे म्हणताना थोडे जपून म्हणावे.

मधेच २०१० चा लिलाव आला. थ्रीजी आणि ब्रॉडबँड मिळून सरकारला एक लाख कोटींहून अधिक रुपये मिळाले आणि त्यातले बरेचसे कर्जाऊ होते. एमटीएनएलला तर बोलीही लावता आली नाही; लिलावात जो भाव निघाला तो भरा, असे सांगून दिल्ली व मुंबई या दोनच शहरांत चालणाऱ्या त्या सरकारी कंपनीकडून सुमारे अकरा हजार कोटी घेण्यात आले. रोकड बाळगून असलेली, नवरत्न म्हणवली जाणारी कंपनी त्यातून कर्जबाजारी झाली ती आजतागायत वर आलेली नाही. ती बहुमतातल्या मालकाच्याच हुकमाने खचली, आणि तिचे किरकोळ भागधारक नुसते पाहत राहिले. त्याच लिलावात इन्फोटेल ब्रॉडबँड या तेव्हा कुणालाही माहीत नसलेल्या कंपनीने देशभरच्या ब्रॉडबँड लहरी १२,८४८ कोटींना घेतल्या आणि निकालाच्याच दिवशी तिचा ९५ टक्के वाटा रिलायन्स इंडस्ट्रीजने विकत घेतला. त्यानंतर सहा वर्षे बाजाराला वाटत राहिले की मुकेश अंबानींचा तो पैसा अडकला.

५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ सुरू झाले. बोलणे कायमचे फुकट, डेटाही आधी वर्षाखेरीपर्यंत आणि मग मार्चअखेरपर्यंत फुकट. त्याची घोषणा १ सप्टेंबरच्या वार्षिक सभेत होत असतानाच आयडियाचा शेअर दहा टक्क्यांच्या आसपास आणि एअरटेलचा सहा टक्क्यांच्या आसपास पडला. पुढच्या अडीच वर्षांत एअरसेल दिवाळखोरीत गेली, टेलिनॉरचा आणि टाटांचा मोबाइल धंदा एअरटेलच्या पदरात जवळजवळ फुकट पडला, आणि २००८ च्या जानेवारीत आठशेच्या वर गेलेला रिलायन्स कम्युनिकेशन्सचा शेअर सुट्या नाण्यांच्या भावाला आला. एअरटेलला एका ग्राहकामागे महिन्याला मिळणारा सरासरी महसूल, ज्याला या धंद्यातली माणसे ‘आर्पू’ म्हणतात, तो शंभर रुपयांच्या आसपास येऊन ठेपला. २०१९ च्या मे महिन्यात एअरटेलने हक्कभाग विक्री काढली, म्हणजे जुन्या भागधारकांना नवे शेअर देऊ केले, तेव्हा भाव होता २२० रुपये. त्या वेळी माझ्या ओळखीतले जे सावध लोक होते त्यांनी हक्क सोडून दिले, आणि त्यांची कारणे चुकीची नव्हती.

त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला महसुलाचा तो जुना प्रश्न निकालात निघाला. परवानाशुल्क ज्यावर आकारायचे त्या ‘समायोजित सकल महसुला’त केवळ दूरध्वनी सेवेचे उत्पन्न धरायचे की व्याज, लाभांश, भाडे असे इतर उत्पन्नही, यावर दीड दशक खटला चालला होता. सर्वोच्च न्यायालयाने सरकारची व्याख्या मान्य केली. मूळ थकबाकीपेक्षा तिच्यावरचे व्याज, दंड आणि दंडावरचे व्याज कितीतरी मोठे निघाले. व्होडाफोन आयडियाने त्या तिमाहीत ५०,९२१ कोटी रुपयांचा तोटा जाहीर केला, तोवरच्या भारतीय उद्योगातला कोणत्याही तिमाहीतला सर्वांत मोठा. (तीच व्याख्या लावून दूरसंचार खात्याने वायुवाहिन्या टाकणाऱ्या गेलकडेही लाखभर कोटींहून मोठी मागणी धाडली होती, ती पुढे मागे घ्यावी लागली, सरकारी कागद किती गांभीर्याने विनोदी होऊ शकतो याचा तो नमुना होता.) या निकालाची शक्यता कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत कित्येक वर्षे ‘संभाव्य दायित्वे’ या शीर्षकाखाली छापली जात होती. ती टीप वाचणारे थोडे होते आणि वाचून शेअर विकणारे त्याहून थोडे.

व्होडाफोन आयडियाविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण मराठी माणसांच्या डीमॅट खात्यांत हा शेअर मी सर्वांत जास्त वेळा पाहिला आहे. त्याला एक भावनिक कारणही असावे. आयडियाच्या मुळाशी असलेल्या बिर्ला–एटी अँड टी या कंपनीचे एक मंडळ महाराष्ट्र-गोवा हेच होते, आणि पुणे-नाशिक-कोल्हापूरकडच्या अनेकांचा पहिला नंबर त्याच नेटवर्कवरचा आहे. २००७ च्या फेब्रुवारीत आयडियाची भागविक्री ७५ रुपयांनी झाली. ३१ ऑगस्ट २०१८ रोजी व्होडाफोनशी विलीनीकरण पूर्ण होऊन ती ग्राहकसंख्येने देशातली सर्वांत मोठी कंपनी झाली, आणि २०१९ च्या नोव्हेंबरात तिचा शेअर तीन रुपयांच्या खाली होता. तेव्हापासून प्रत्येक चहाच्या टपरीवर आणि प्रत्येक सबब्रोकरच्या कार्यालयात एकच वाक्य ऐकू येते: “दोन-पाच रुपयांचा शेअर आहे, जाऊन जाऊन किती जाईल?”

या वाक्यात शेअरांची संख्या धरलेली नसते. विलीनीकरणाच्या वेळी कंपनीचे सुमारे ८७० कोटी शेअर होते. २०१९ मध्ये साडेबारा रुपयांनी हक्कभाग विकून २५ हजार कोटी उभे केले, म्हणजे दोन हजार कोटी नवे शेअर आले. २०२३ च्या फेब्रुवारीत सरकारने १६,१३३ कोटींच्या व्याजाच्या बदल्यात दहा रुपयांनी शेअर घेतले. २०२४ च्या एप्रिलमध्ये अकरा रुपयांनी १८ हजार कोटींची पुन्हा भागविक्री झाली. २०२५ मध्ये सरकारने आणखी ३६,९५० कोटींचे शेअर घेतले आणि त्याचा वाटा ४९ टक्क्यांच्या काठावर जाऊन थांबला. त्यानंतर एकूण शेअर १०,८३४ कोटी झाले. ज्याने २०१८ पासून एकही शेअर विकला नाही आणि नवा घेतलाही नाही, त्याच्या मालकीचा हिस्सा बाराव्या भागाएवढा उरला. भाव दुप्पट होण्यासाठी कंपनीचे एकूण मूल्य काही हजार कोटींनी नव्हे तर लाखभर कोटींच्या हिशेबात वाढावे लागते. स्वस्त दिसणारा तो शेअर खरे तर स्वस्त नाही. त्याचे तुकडे फार बारीक केलेले आहेत, इतकेच. कुमार मंगलम बिर्लांनी २०२१ मध्ये आपला वाटा कुणाही सरकारी संस्थेला देऊन टाकण्याची तयारी पत्राने कळवली होती. मालकाची ही भाषा असताना टपरीवरचा उत्साह मला कधी समजला नाही.

नवी मुंबईतली टाटा टेलिसर्व्हिसेस (महाराष्ट्र) ही आणखी विलक्षण गोष्ट. मोबाइलचे ग्राहक एअरटेलला देऊन झाले होते, उरला होता छोट्या-मध्यम उद्योगांना जोडण्या देण्याचा धंदा, आणि ताळेबंदात नक्त मूल्य उणे होते, म्हणजे देणी मालमत्तेहून जास्त होती. टाळेबंदीच्या सुरुवातीला दोन-तीन रुपयांना मिळणारा तो शेअर २०२२ च्या जानेवारीत २९० रुपयांपर्यंत गेला. नावात टाटा आहे एवढ्या आधारावर लोक त्यात शिरले. काही महिन्यांतच भाव तीन आकड्यांतून दोन आकड्यांच्या दिशेने घसरू लागला. त्या शंभरपट वाढीत कंपनीच्या धंद्यात काय बदलले, हे मी त्या वर्षांचे निकाल समोर ठेवून शोधले. बदल होते, पण शंभरपट असे त्यांत काही नव्हते.

मामांचे दुसरे एक मत होते की बिनतारी हा शब्द फसवा आहे. “टॉवरपासून तुझ्या फोनपर्यंत तेवढी हवा. मागं सगळी केबल, बॅटऱ्या, डिझेल.” यावरून अनेक गुंतवणूकदारांनी असा विचार केला की लढणाऱ्यांचे शेअर घेण्यापेक्षा त्यांना सामग्री पुरवणाऱ्यांचे घ्यावेत. विचार चांगला आहे, पण त्यालाही अडचणी आहेत. टॉवर कंपनीचा धंदा चाळमालकासारखा असतो: इमारत एकदा बांधली की दुसऱ्या भाडेकरूचे भाडे जवळजवळ निव्वळ नफा. मोबाइल कंपन्या डझनभर असताना हे गणित सुरेख चालत होते. भारती इन्फ्राटेल २०१२ च्या डिसेंबरमध्ये २२० रुपयांनी बाजारात आली तेव्हा तोच मुद्दा सांगितला जात होता. पुढे कंपन्या तीन-चार उरल्या, भाडेकरू टॉवर सोडून गेले, आणि विलीनीकरणानंतर झालेल्या इंडस टॉवर्सचा एक मोठा भाडेकरू म्हणजे पैसे थकवणारी व्होडाफोन आयडिया. २०२४ ला त्या कंपनीने भांडवल उभे केल्यावर इंडसची जुनी येणी वसूल होऊ लागली आणि शेअर सावरला. ज्याचे भाडे थकले त्याच्याच भागविक्रीवर चाळमालकाचा नफा ठरावा, ही स्थिती काही भाड्याच्या धंद्यातली स्थिरता म्हणता येणार नाही.

केबलची गोष्टही फारशी वेगळी नाही. स्टरलाइट टेक्नॉलॉजीज ही पुण्यातून चालणारी कंपनी छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज आणि शेंद्रा येथे काचतंतू (ऑप्टिकल फायबर) बनवते, अगदी काचेच्या मूळ दांड्यापासून. तंत्र उत्तम, माल जगभर जातो. पण जगभर जातो म्हणूनच अमेरिकेतल्या ग्राहकांनी साठा कमी करायचे ठरवले की शेंद्र्यातली यंत्रे मंदावतात. तेजस नेटवर्क्सला २०२३ च्या ऑगस्टमध्ये बीएसएनएलच्या फोरजी जाळ्यासाठी टीसीएसकडून ७,४९२ कोटींचे काम मिळाले, शेअर वर्षभरात चौदाशेच्या वर गेला, आणि माल पोचवून झाल्यावर ‘आता पुढचे काम कोणते’ या एका प्रश्नावर निम्म्याहून खाली आला. एकाच गिऱ्हाइकाची एकच मोठी मागणी असली की एका वर्षाच्या नफ्याच्या किती पट भाव द्यायचा हा प्रश्नच निरर्थक होतो.

मग २०१९ नंतर एअरटेलचे काय बदलले? तंत्रज्ञान तर बदललेच, १ ऑक्टोबर २०२२ ला फाइव्हजी आले, पण त्याच्यासाठी ग्राहकाने वेगळा पैसा दिला असे फारसे झाले नाही. बदलले ते हे की खासगी स्पर्धक दोनच उरले, आणि त्यांतला एक अंथरुणाला खिळलेला. २०२४ च्या जुलैमध्ये तिन्ही कंपन्यांनी एकापाठोपाठ दर वाढवले, काही योजनांत पंचवीस टक्क्यांपर्यंत. लोकांनी समाजमाध्यमांवर नंबर बीएसएनएलमध्ये नेण्याच्या घोषणा केल्या, काहींनी नेलेही, पण एअरटेलचा ‘आर्पू’ २११ वरून पुढच्या दोन तिमाहींत २३३ आणि मग २४५ झाला. टॉवर तेच, लहरी त्याच, कर्मचारी तेच. वाढीव पैशातला मोठा वाटा थेट नफ्यात उतरला. २२० रुपयांच्या हक्कभागाचे जे झाले ते मुख्यतः यामुळे झाले. याला मी गुंतवणूकदाराचे यश म्हणेन, पण ग्राहक म्हणून माझ्या खिशातून गेलेला पैसाच माझ्या डीमॅट खात्यात थोडासा परत आला, हेही तितकेच खरे आहे, आणि दोन्ही गोष्टींचा एकाच वेळी आनंद मानणे मला जमलेले नाही. दोनच धडधाकट खेळाडू उरलेल्या बाजारावर सरकारची नजर किती दिवस प्रेमळ राहील, ही शंकाही मनात असतेच. व्होडाफोन आयडियाला जिवंत ठेवण्याच्या सरकारच्या धडपडीत ती शंका मला उघड दिसते.

म्हणून या क्षेत्रातला कोणताही अहवाल हातात आला की मी तंत्रज्ञानाची रंगीत पाने सोडून देतो. ट्राय ही दूरसंचार नियामक संस्था दर महिन्याला आकडेवारी प्रसिद्ध करते; तिच्यात एकूण जोडण्यांपेक्षा प्रत्यक्ष चालू असलेल्या जोडण्या किती, हा रकाना वाचनीय असतो, कारण बंद पडलेल्या सिमकार्डांचा ढीग ग्राहकसंख्येत मोजणे ही या धंद्यातली जुनी सवय आहे. नफ्याच्या आकड्याआधी मी रोख प्रवाहाचे पत्रक पाहतो: जाळे उभारणीवरचा खर्च वजा जाता काही उरते का, आणि उरते ते सरकारच्या हप्त्यांना पुरते का. २०२२ च्या लिलावात तिन्ही कंपन्यांनी आणि एका नव्या उद्योगसमूहाने मिळून दीड लाख कोटींच्या लहरी घेतल्या, वीस वर्षांच्या हप्त्यांनी. ते हप्ते बँकेच्या कर्जाच्या ओळीत दिसत नाहीत, ‘स्थगित दायित्व’ या नावाने दुसरीकडे बसलेले असतात, आणि कर्जमुक्तीच्या बातम्या वाचताना ते वेगळे शोधावे लागतात.

आकाशातून, म्हणजे उपग्रहांवरून, थेट इंटरनेट देण्याची चर्चा सध्या जोरात आहे. २०२५ च्या जूनमध्ये स्टारलिंकला भारतात परवाना मिळाला, त्याआधीच मार्चमध्ये एअरटेल आणि जिओ या दोघांनीही तिच्याशी करार केले होते. मला यात इरिडियमची आठवण येते. मोटोरोलाने पाठबळ दिलेल्या त्या कंपनीने सुमारे पाच अब्ज डॉलर खर्चून ६६ उपग्रहांचे जाळे उभारले, १९९८ च्या नोव्हेंबरात सेवा सुरू केली आणि पुढच्या ऑगस्टमध्ये दिवाळखोरी जाहीर केली. उपग्रह उत्तम चालत होते. ते सगळे जाळे नव्या मालकांना अवघ्या अडीच कोटी डॉलरांना मिळाले, आणि त्या किमतीला तो धंदा फायद्याचा झाला. इरिडियम आजही चालू आहे आणि नॅसडॅकवर तिच्या शेअरची उलाढाल होते. उपग्रह तेच, जाळे तेच. पाच अब्जांना पडले त्यांचे भांडवल गेले आणि अडीच कोटींना पडले ते तरले.

रिलायन्सच्या २०२५ च्या ऑगस्टमधील वार्षिक सभेत जिओचा शेअर २०२६ च्या पूर्वार्धात बाजारात आणण्याचा मानस मुकेश अंबानींनी जाहीर केला. तोवर जिओत थेट पैसे घालायचा मार्ग सामान्य माणसाला नव्हता. रिलायन्सचा शेअर घ्यायचा आणि त्याबरोबर तेलशुद्धी व किराणाही घ्यायचा, एवढेच. त्या भागविक्रीच्या माहितीपत्रकाबद्दल मला आधीच विचारणा होऊ लागली आहे, आणि विचारणारे बहुतेक जण फाइव्हजी, कृत्रिम बुद्धिमत्ता आणि ग्राहकसंख्या यांबद्दल बोलतात. मी त्यात प्रथम स्थगित दायित्वांची टीप उघडणार आहे, नंतर संभाव्य दायित्वांची, आणि मग भागविक्रीतला किती पैसा कंपनीत जातो आणि किती जुन्या भागधारकांच्या हाती जातो ते पान. त्या तीन पानांचे वाचन झाल्यावरच भावपट्ट्याकडे पाहीन.